ढवळे की ढोले

काकांनी मला कुणबी नोंद शोधायला पाठवलं होतं. 2023 च्या दिवाळीआधीची गोष्ट. मराठ्यांना कुणबी दाखले द्यायला जुन्या नोंदी शोधणारी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि आमच्याकडं ज्याच्या त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसायला लागली. पिशवीत आजोबाची टीसी, पणजोबाचा उतारा. आमच्या घरात लॅपटॉपवर काम करणारा, म्हणजे काकांच्या हिशोबी रिकामा बसलेला, मी एकटाच. पाळी माझ्यावर आली.

गाव कळमनुरी तालुक्यात. 1999 पासून हिंगोली जिल्हा, त्याआधी परभणी, आणि 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचं राज्य. त्यामुळं एक कागद हिंगोलीला, दुसरा परभणीला, आणि तिसरा कुठं म्हणून विचारलं की समोरचा माणूस पलीकडच्या टेबलाकडं बोट दाखवणार.

मी आधी जनगणनेच्या मागं लागलो. आजी तिला शिरगणती म्हणायची. डोकी मोजली म्हणजे नावंही लिहिली असतील, असा माझा समज. 1901 चा हैदराबाद संस्थानाचा अहवाल इंटरनेटवर सापडला. रात्री दोनपर्यंत पानं उलटत बसलो. परभणी जिल्ह्यात अमुक जातीचे इतके पुरुष, इतक्या बायका. आकडेच आकडे, नाव एकाचंही नाही. नंतर कळलं की 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणं घरोघरी भरलेली माहिती कुणाला बघायलाच मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे आमचा पणजोबा मोजला गेला, पण सापडणार नाही.

एक फट मात्र आहे. 1951 च्या शिरगणतीवरून गावोगाव एक राष्ट्रीय नोंदवही तयार केली होती, घरवार, नावानिशी. आमच्या गावाची सात-आठ पानं एका कार्यालयातल्या गाठोड्यात निघाली. कडा उंदरांनी खाल्लेल्या. तिसऱ्या पानावर आमचं घर:

मुंजाजी पि. कोंडबा, 40. गयाबाई भ्र. मुंजाजी, 30. राघोजी पि. मुंजाजी, 10.

राघोजी म्हणजे माझे आजोबा. त्यांचं नाव मी बोटानं दोनदा चाचपलं, ते मी काढलेल्या पानाच्या फोटोत दिसत नाही म्हणून बरं. पानावरच्या जवळपास सगळ्यांची वयं शून्यावर नाहीतर पाचावर संपत होती. अंदाजपंचे कारभार! पण आडनाव? आमचंच काय, अख्ख्या पानावर कुणाचंच नाही. सगळा गाव 'पि.' आणि 'भ्र.' वर चाललेला. ('पि.' म्हणजे पिता. हे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, नवरा, पुण्याच्या मित्राला मी तीनदा समजावून सांगितलं. आमच्याकडं ते अजून रेशनकार्डावर असतं.)

इथं माझी कुणबी नोंद बाजूला पडली आणि डोक्यात आडनाव शिरलं. मग हे 'ढवळे' आलं कुठून?

उत्तर जमिनीच्या कागदात होतं. सेतवारची, म्हणजे निजामाच्या काळच्या जमीन-नोंदीची, नक्कल काढली, 1339 फसलीची. फसलीत 590 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1929 च्या आसपासची. कागद उर्दूत. आमच्या ओळखीचे उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला लावला आणि वाचलं, "कोंडबा वल्द राणोजी... ढोले."

"ढवळे, सर."

"ढवळे कहाँ से आएगा? उर्दू में ळ हैच नहीं."

मग त्यांनी माझ्याच वहीत ते नाव मोठं काढून दाखवलं. ढ झाल्यावर वाव, मग लाम म्हणजे ल, मग शेवटची ये म्हणजे ए. हा वाव म्हणजे मोठा लबाड. व वाचा, ओ वाचा, ऊ वाचा, औ वाचा, अक्षर तेच. वरखालच्या मात्रा कुणी लिहीत नाही. "ढोले भी है, ढवले भी है. तुमको जो होना वो पढो," म्हणाले, आणि चहा मागवला.

चहा पिताना मला आमचं ओढ्याकडचं शेत आठवलं. त्याला घरात सगळे 'ढोल्याची पट्टी' म्हणतात. पलीकडच्या गावच्या ढोल्यांकडून आजोबांनी घेतली, म्हणून ते नाव, एवढंच आम्हाला ठाऊक. घरी येऊन 1954 ची खासरा पाहणी, म्हणजे नंतरची जमीन-नोंद, काढली. ती मराठीत. त्या पट्टीचा सर्व्हे नंबर 47, सेतवारात कोंडबाच्या एकट्याच्या नावावर असलेला, इथं दोन ओळींत फोडलेला. पहिल्या ओळीत मुंजाजी पि. कोंडबा ढवळे. दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या शाईनं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात: मारोती पि. कोंडबा ढोले.

एकाच बापाची दोन पोरं. उर्दूतून मराठीत उतरवताना एकाचा वाव 'व' झाला, दुसऱ्याचा 'ओ'. मारोती पुढं सासुरवाडीला जाऊन राहिला असणार, कारण पलीकडच्या गावचे ढोले त्याचेच. आमचा ळ मात्र आमच्या तोंडातच राहिला असावा, कागदावर नंतर चढला.

मी नाचतच काकांकडं गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले. बराच वेळ वाचले. मग आधी दार लावून घेतलं.

"कामून उकरू लालास बापा मेलेल्यायचं? तुला नोंद बघ म्हणलं, तू भावकी काढून बसलास."

"अहो पण काका, ढोले आपले सख्खे..."

"हळू बोल. पारूला कुठं दिलंय आपण?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पारूआत्या. 1987 साली. पलीकडच्या गावात. ढोल्यांच्या घरी. मारोतीच्या थेट नातवाला.

आमच्यात भावकीत सोयरीक होत नाही, हे वेगळं सांगायला नको. काकांनी कागदांची चार घडी केली आणि पेटीत, पासबुकाखाली ठेवून दिली. कुणबी नोंदीचं त्यांनी परत विचारलंही नाही.

पण आमच्या घरात गोष्ट कधी पेटीत राहिलीय? भाऊबीजेला आत्या आली. ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं आणि काकांकडं न बघताच मला म्हणाली, "का रे, म्हंजी छत्तीस वर्षं मी माहेरातच नांदले म्हण की. तरी सासूनं पाणी भरायला लावलंच."