कोऱ्या जागेचं भांडण

कोडची ओळ कधी कधी थोडी आत सरकवून लिहावी लागते, कुठला तुकडा कुणाच्या पोटात आहे ते चटकन कळावं म्हणून. त्यासाठी टॅबचं बटण एकदा दाबा नाहीतर स्पेसबार चारदा, पडद्यावर दिसतं एकच. काहीच नाही. कोरी जागा. या कोऱ्या जागेत नेमकं काय भरलंय यावरून चांगली शिकलीसवरलेली, घरच्यांशी गोड बोलणारी माणसं रात्री दोन वाजेपर्यंत एकमेकांची अक्कल काढत बसतात. मीही त्यांच्यातलाच. मी स्पेसवाला.

'स्पेसवाला' लिहिताना किंचित अभिमान वाटला, हे इथेच कबूल करून टाकतो.

आमच्या या पंथाची एक अडचण आहे. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं एक साधन लिहिलं. प्रोग्रामचे तुकडे जुळवून बांधून देणारं, अतिशय कामाचं. त्याच्या फाइलीत आज्ञांच्या ओळींची सुरुवात टॅबनेच करावी लागते. स्पेस दिली की ते हटून बसतं. ही अट त्रासाची आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच ध्यानात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते. त्यांची बसलेली घडी कशाला विस्कटा, म्हणून त्यांनी ती अट तशीच राहू दिली. ती आजही आहे. बारा जणांची भीड पडली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं जगभरचे लोक त्याच दगडाला ठेचकाळतायत. त्या फाइलीशी गाठ पडली की मीही मुकाट्याने टॅब दाबतो. आमच्यात याला आपद्धर्म म्हणतात.

हे माझं असं कसं झालं, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो. जन्मतः कुणी स्पेसवाला नसतो. सुरुवात एडिटरपासून झाली. एडिटर म्हणजे ज्यात कोड लिहायचा ती खिडकी. माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, विम शिक, बाकी सगळं पोरखेळ आहे. मी विम उघडला आणि त्यातून बाहेर पडता येईना. एस्केप दाबून पाहिलं, कंट्रोल दाबून पाहिलं, अक्षरं टंकली तर ती आज्ञा ठरून भलतंच काहीतरी पुसलं जायला लागलं. शेवटी मी मशीनच बंद केलं. पुढे कळलं की ही फजिती एकट्याची नव्हे. 'विममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर 2012 मध्ये कुणीतरी विचारला होता आणि 2017 पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. एवढे लोक एका खोलीत शिरून दार शोधत होते.

मग मी हट्टाने शिकलो. आठ महिने लागले. मनगटं दुखली, वहीत आज्ञा लिहून ठेवल्या, झोपेत बोटं हलायची. आणि एके दिवशी जमलं. ओळी इकडच्या तिकडे उडू लागल्या, माउसला हात लावायची गरज उरली नाही. त्या दिवसापासून मी जो बदललो, तो बदललोच. कुणी माउस वापरताना दिसलं की मला कीव यायला लागली. 'विम वापरून पाहिलंस का?' हा प्रश्न मी अशा लोकांनाही विचारला आहे, ज्यांनी मला फक्त वेळ विचारली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या निष्ठेत विमचा वाटा थोडा आहे आणि त्या आठ महिन्यांचा फार. तुमचा एडिटर भिकार आहे असं कुणी म्हटलं की मला ऐकू येतं, 'तुझे आठ महिने पाण्यात गेले.' मग मी विमसाठी भांडत नाही, त्या दुखऱ्या मनगटांसाठी भांडतो. जे फुकट आणि सहज मिळालं, त्याची बाजू घेऊन कुणी हमरीतुमरीवर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. कॅल्क्युलेटरचे पंथ नाहीत.

या भांडणाचं वयही कमी नाही. विमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी बर्कलीला शिकत असताना लिहिला, आणि त्याचा सनातन प्रतिस्पर्धी 'ईमॅक्स' एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांच्या हातून आकाराला आला. दोन्ही 1976 च्याच सुमाराचे. म्हणजे भावकीच म्हणायची. स्टॉलमन पुढे अंगात झगा आणि डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी प्रभावळीसारखी लावून 'ईमॅक्स चर्च'चे संत म्हणून उभे राहू लागले. 'व्ही' आणि 'आय' मिळून रोमन आकड्यांत सहा होतात, तेव्हा तो एडिटर तीनदा उच्चारला की 666, सैतानाचा आकडा. तरीही व्हीआयची मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारी, आवृत्ती वापरणं हे पाप नाही, ते प्रायश्चित्त आहे, असा संतांचा निर्वाळा. पंथ काढून स्वतःच त्याची टर उडवणारा माणूस मला आवडतो. पंचाईत मागून येणाऱ्यांची होते. त्यांना झगा मिळतो, विनोद मिळत नाही.

आणि पुढाऱ्यांचं म्हणाल तर ते केव्हाच तह करून मोकळे झालेले असतात. 1997 च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट अ‍ॅपलमध्ये 15 कोटी डॉलर गुंतवणार आहे, आणि मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला. सभागृहाने हुर्यो उडवली. आपली आवडती कंपनी बुडायच्या बेतात असताना तिला पैसे मिळताहेत, आणि भक्त ओरडताहेत! अ‍ॅपल जिंकायची तर मायक्रोसॉफ्ट हरलीच पाहिजे ही समजूत आता सोडा, असं जॉब्ज यांना स्वतःच्याच लोकांना सांगावं लागलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीला कर्करोग म्हणाले. 2018 मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने 750 कोटी डॉलर मोजून गिटहब विकत घेतलं, जिथे मुक्त सॉफ्टवेअरची निम्मी आळी नांदते. सेनापतींनी एकमेकांना हार घातले तरी शिपाई खंदकातच. मी त्या खंदकात बसून, कुणीही पगार देत नसताना, बरीच वर्षं गोळीबार केला आहे.

बरं, खंदक खणायला फार मोठं कारण लागतं असंही नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपके दाखवले, किती होते ते विचारलं आणि त्यांचे दोन गट पाडले : जास्त मोजणारे आणि कमी मोजणारे. खरं तर गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसेच केलेले होते. मुलांना गटात दुसरं कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाकडे झुकतं माप टाकलं. त्याहून मासलेवाईक म्हणजे, चित्रांच्या आवडीवरून गट पाडलेल्या पुढच्या प्रयोगात, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा वाटपाचा कल दिसला. नुसत्या ठिपक्यांवरून आणि चित्रांवरून हे होतं, तर आठ महिने घाम गाळल्यावर काय होईल?

आता जरा अवघड गोष्ट सांगतो.

आमचा एक ग्रुप होता. काही हजार लोक, सगळे एकाच प्रोग्रामिंग भाषेचे चाहते. एकदा एका नव्या सदस्याने तिथे मोजमापं टाकली. मोठी फाइल वाचण्याच्या कामात आमची भाषा दुसऱ्या एका भाषेच्या मानाने किती मागे पडते, त्याचा तक्ता. सोबत कोड, मशीनची माहिती, सगळं. आवाज अजिबात चढा नव्हता. शेवटी त्याने विचारलं होतं, 'माझं काही चुकतंय का?'

मी उत्तर लिहिलं, 'आधी भाषा नीट शिका, मग तक्ते काढा.'

पहिला लाइक दोन सेकंदांत आला, एका मित्राचा. दोन सेकंदांत त्याने तो तक्ता वाचला असणं शक्य नाही. मग लाइक येतच गेले. तासाभरात चाळीस. चाळीस माणसं आपल्या मागे उभी आहेत म्हटल्यावर छाती फुगते, आणि फुगलेल्या छातीला शंका येत नाही. या पहिल्या लाइकच्या जादूवर एक प्रयोगच झालेला आहे. तो 2013 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या काहींना संशोधकांनी, मजकूर न बघता, आल्या आल्या एक अनुकूल मत देऊन टाकलं. अशा प्रतिक्रियांचे अखेरचे गुण सरासरीने 25 टक्क्यांनी वाढले. उलट खोटं प्रतिकूल मत दिलं तर लोक ते भरून काढत. म्हणजे आपण खाली ओढलेल्याला हात देतो, पण फुकट वर चढवलेल्याला खाली उतरवत नाही. मी वर चढून बसलो होतो.

रात्री झोप येईना म्हणून मी त्याचा कोड चालवून पाहिला. आकडे तेच आले. पुन्हा चालवला. तेच. मशीन बंद केलं आणि झोपलो. ग्रुपवर काही लिहिलं नाही.

चारेक दिवसांनी ग्रुपवर ओळ उमटली की ते सदस्य बाहेर पडले. खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला.

मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी 1972 च्या पुस्तकात अमेरिकी अध्यक्षांभोवतीच्या हुशार सल्लागारांनी एकमताने घेतलेले भयंकर निर्णय तपासले. तिथे त्यांना एक जात सापडली, जिला त्यांनी मनाचे पहारेकरी म्हटलं. नेत्याच्या शरीराचे अंगरक्षक असतात तसे हे गटाच्या समजुतीचे. गैरसोयीची माहिती दारातच अडवायची. ते वाचताना मला आरशात पाहिल्यासारखं झालं. फरक इतकाच की त्या सल्लागारांच्या हातात युद्ध आणि शांतता होती. माझ्या हातात एक फाइल वाचायला लागणारा वेळ होता.

खरा धक्का दोन वर्षांनी बसला. त्या ग्रुपमधल्या एका जुन्या सोबत्याशी बोलत होतो. बोलता बोलता म्हणाला, 'तो तक्तेवाला आठवतो? मी तेव्हा चालवून पाहिलं होतं रे. बरोबर होता तो.'

'मग बोलला का नाहीस?'

'तू इतकं ठणकावून लिहिलेलंस. वाटलं, तुला काहीतरी माहीत असणार.'

आणि मी गप्प होतो कारण चाळीस जणांना काहीतरी माहीत असणार! सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1951 मध्ये सारख्या लांबीच्या रेषा ओळखायचा प्रयोग केला होता. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते एकमुखाने चूक उत्तर देतात, आणि बिचारा खरा पाहुणा साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच उत्तर देतो, रेषेची लांबी डोळ्यांसमोर असूनही. पण त्या पढवलेल्यांतला एकजण जरी खरं बोलला, तरी पाहुण्याची चूक झपाट्याने कमी होते. एक पुरतो. आमच्याकडे निदान दोन होते, आणि दोघेही आपापल्या घरी दिवा मालवून झोपले होते.

बाहेर पडणारे सगळे नवखेच असतात असं नाही. पायथन भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांना त्यांच्या लोकांनीच लाडाने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' असं पद दिलेलं होतं. 2018 च्या जुलैत त्यांनी ते सोडलं. निमित्त काय, तर कोलन आणि बरोबर या दोन चिन्हांची एक नवी खूण भाषेत घ्यावी की नाही. खूण मंजूर झाली. पण एका निर्णयासाठी इतकं झगडायचं आणि इतक्या जणांचा तिरस्कार झेलायचा, हे पुन्हा नको, असं म्हणून ते बाजूला झाले. तहहयात पदाला दोन टिंबं आणि दोन आडव्या रेघा पुरल्या.

मीही थोडा बाजूला झालो आहे. थोडाच. हल्ली काम दुसऱ्याच एका एडिटरमध्ये करतो, ज्याला मी वर्षानुवर्षं खेळणं म्हणत आलो. त्यात विमच्या कळा चालवणारी एक जोडणी मिळते, ती लावून घेतली आहे. रंगही जुनेच ठेवलेत, काळ्यावर हिरवे. स्क्रीन शेअर करायची वेळ आली की डावीकडची चित्रांची पट्टी आधी लपवतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः ईमॅक्सच्याच एका छोट्या, जुनाट भावंडात लिहितात आणि ते लपवत नाहीत, पण ते टोरवाल्ड्स आहेत.

जुन्या ग्रुपवर अजून आहे. परवा तिथे एका मुलीने विचारलं, 'चुकून विम उघडलाय, बाहेर कसं पडू?' दहा मिनिटांत तीसेक उत्तरं आली. 'बाहेर पडायचंय कशाला?' 'आता इथेच संसार कर.' 'पडता येत असतं तर आम्ही इथे असतो का?' यातलं एक वाक्य पूर्वी माझंच होतं, ते कुणीतरी जपून ठेवलेलं दिसलं. मी वर लाइक द्यायला बोट नेलं आणि मग तिला वेगळा मेसेज केला. एस्केप दाब. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. मग एंटर.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'सुटले! थँक यू, दादा.'

आणि मिनिटभराने आणखी एक. 'आता परत आत कसं जायचं?'