गुडघा, कंबर, खांदा

परवा धाकट्या जावेचा पुण्याहून फोन आला. नवा फ्लॅट घेतलाय, सामान लावणं चाललंय. म्हणाली, "ताई, तुमच्याकडं सगळं कसं हाताला लागतं. कुठल्या खोलीत काय ठेवता ते जरा लिहून पाठवा ना." लिहायला बसले आणि लक्षात आलं, की कुठल्या खोलीत हा आमच्याकडं नंतरचा प्रश्न. आधी बघायचं ते किती उंचीवर.

आमचं घर सांगलीत गावभागात, कृष्णेपासून चालत दहा मिनिटं. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची खोली, मागं न्हाणी, आणि अर्ध्या घरावर माडी. 2005 साली पुराचं पाणी उंबरा ओलांडून घोटाभर आलं, तेव्हा याहून जास्त काय येणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथं 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या पाण्याची माजघराच्या भिंतीवर उमटलेली रेघ माझ्या खांद्याला लागते. 2021 च्या जुलैत पुन्हा आलं, ते गुडघ्याच्या जरा वर थांबलं. घरात कुठलीही वस्तू ठेवताना मी आता हीच मापं धरते.

2019 ला आम्ही दोन पिशव्या घेऊन विश्रामबागेत भावाकडं गेलो. परत आलो तर माजघरातल्या सागवानी कपाटाचा खालचा खण फुगून बसलेला. यांनी पहारीनं उचकटला. आत कागदांचा एकच गठ्ठा झाला होता, भाकरीएवढा जाड, चिखलाच्या वासाचा. सासऱ्यांनी शाईच्या पेननं लिहिलेली घराची सगळी टिपणं त्यात होती. कुणाला किती दिले, आडाचं पाणी कुणाच्या वाट्याचं, सगळं. शाई विरघळून कागद नुसता निळसर झाला होता, एक ओळ वाचता येत नव्हती. त्याच गठ्ठ्यातल्या उताऱ्याच्या झेरॉक्सवरचं अक्षर न् अक्षर मात्र शाबूत. मी घाईनं दोन पानं ओढून सोडवायला गेले आणि तीही फाटली. गठ्ठा तसाच पंख्याखाली ठेवून, कडेनं सुटतील तशी पानं वर्तमानपत्रात घालायला हवी होती. हे कळेपर्यंत आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लग्नाचे दोन फोटो हातातून गेले होते. ते दुःख अजून आहे.

म्हणून कागदांपासून सुरुवात. सगळे कागद आता माडीवर एका पत्र्याच्या पेटीत, प्रत्येक फाईल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि प्रत्येकाची झेरॉक्स भावाकडं. मुलानं सगळ्यांचे फोटो काढून फोनवरही ठेवलेत. पेटी मला एका हातानं उचलता येते एवढीच आहे. ती भरली की जुनी बिलं काढायची, मोठी पेटी आणायची नाही.

हाच नियम मी पुढं सगळ्या घराला लावला. जे मला एकटीला जिन्यावरून वर नेता येत नाही, ते भरून ठेवायचं नाही. जुन्या घराचा जिना, उभा आणि अरुंद, धरायला दोर. पुराची बातमी येते तेव्हा हे दुकानातला माल हलवत असतात, मुलगा नोकरीच्या गावी. घरात मी आणि आत्या.

कोठीच्या खोलीत पूर्वी दोन मोठ्या पत्र्याच्या कोठ्या होत्या, एकीत शाळू, एकीत गहू. तिघांनी धरल्या तरी हलायच्या नाहीत. 2019 ला दोन्हींतलं धान्य आंबलं आणि तो वास दिवाळीपर्यंत खोलीतून गेला नाही. आता सात-आठ किलोचे घट्ट झाकणाचे डबे आहेत. उन्हाळ्यात गहू कडक उन्हात वाळवते, रात्रभर घरात पसरून गार करते आणि मगच भरते. गरम भरला तर आतून घाम धरतो आणि कीड लागते. डबा गच्च काठोकाठ भरायचा, वर वाळलेला कडुनिंबाचा पाला. आत हवा जितकी कमी तितकं बरं.

हे आत्यांनी शिकवलं. त्यांचं माहेर हरिपूरचं, त्यामुळं हळदीच्या पेवांचं त्या नेहमी सांगतात. जमिनीत विहिरीसारखं खोल पेव खणायचं, हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. आत हवाच नाही, म्हणून वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. पण 2005 च्या पुरात त्या पेवांतही पाणी शिरलं, कितीतरी ढासळली. आत्या ते सांगताना अजून हळव्या होतात. मला त्यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्या होत्या. हवा बंद ठेवायची, पण जमिनीत नाही, वर.

स्वयंपाकघरात आमचं नशीब बरं, फडताळं कडप्प्याची आहेत. पूर ओसरला की धुतली, पुसली, झाली. ओट्याखाली हौसेनं केलेली भुशाच्या फळीची कपाटं मात्र पाण्यात फुगून पोळ्यांसारखी सुटली. आता ओट्याखाली दारं नाहीत, नुसतं लोखंडी स्टँड, त्यात पितळेची पातेली, हंडे आणि स्टीलची मोठी भांडी. पाटा-वरवंटा आणि जातं जमिनीवर. त्यांना पाण्याचं भय नाही. वर्षाचं तिखट, हिंगाचे खडे घालून, काचेच्या बरण्यांत खांद्याच्या वर. लोणच्याची चिनी मातीची बरणी त्याच्या शेजारी. फडकं आणि दोरा कितीही घट्ट बांधला तरी पुराचं पाणी आत जातंच, ते मी पाहिलंय. गॅसची टाकी खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलेली असते. भरलेली टाकीसुद्धा पाण्यात तरंगते, हे माहीत नसलं तर एवढं लक्षात ठेवा.

खरी अडचण उंचीचीच होती, पण उलट्या बाजूनं. आत्या 78 वर्षांच्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, हात खांद्याच्या वर जात नाही. पुराला भिऊन मी सगळं वर चढवलं आणि चार दिवसांनी पाहिलं तर त्या पाटावर उभं राहून चहाचा डबा काढत होत्या. माझ्या पोटात गोळा आला. पूर काही वर्षांनी येतो, चहा दिवसातून तीनदा लागतो. त्याच दिवशी स्टूल ओढलं आणि कंबरेच्या उंचीचं एक अख्खं फडताळ त्यांच्यासाठी मोकळं केलं. चहा, साखर, पोहे, त्यांच्या गोळ्या, सुईदोरा, देवाच्या वाती. सगळं कडीच्या डब्यांत, आणि डबे दोन दुरड्यांत. 2021 ला त्या दोन दुरड्या वर न्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या वेळी एकही डबा भिजला नाही.

माडीवर कपडे आणि अंथरूण. वाकळा लोखंडी ट्रंकेत, खाली दोन विटा. साड्या जुन्या मलमलच्या फडक्यात, घडी दर वर्षी दसऱ्याला बदलायची, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, ती काळी पडते. मी पुरचुंडीत लवंगा ठेवते. बाकी माडीचं फार सांगण्यासारखं नाही. तिथं पाणी आलं नाही, म्हणूनच सगळं तिथं नेऊन कोंबायचा मोह होतो, तेवढा आवरावा लागतो. जुन्या घराच्या तुळया आहेत, धान्याचं ओझं एका कोपऱ्यात न टाकता भिंतीकडेनं वाटून ठेवते.

सोप्यात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी जमिनीवर. आता भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी घोडीवर, खांद्याच्या रेघेच्या वर. वायरमननं स्विचबोर्डही वर घेतले.

देवघर तेवढं राहिलं होतं. ते माजघराच्या कोनाड्यात, कंबरेच्या उंचीवर. मी म्हटलं वर हलवूया. आत्या म्हणाल्या, "माझ्या हयातीत देव जागचे हलायचे नाहीत." मी पुन्हा विषय काढला नाही. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनीच बुरुडाकडून एक झाकणाची परडी मागवली, आत लाल खणाचं अस्तर शिवलं, आणि कोनाड्याशेजारच्या खुंटीला अडकवली. मला म्हणाल्या, "आयर्विनला चाळीस झाले की मला सांग. देव मी उचलीन, तू डबे ने."