नोंद ९: २००३ ची दुसरी बाटली

बोर्दोच्या २००३ सालच्या या रेड वाइनची पहिली बाटली गेल्या वर्षी मी वाया घालवली. तीन तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या सुरईत) ठेवली आणि जेवायला बसेपर्यंत ग्लासात मनुकांचं पाणी तेवढं उरलं. तेव्हाच्या नोंदीत सगळा दोष मी सालाला दिला होता. तो शेरा आज मागे घेतोय. निदान अर्धा तरी.

वाइन तीच, बोर्दोतल्या सँ-तेस्तेफ गावची, ‘क्रू बुर्ज्वा’ दर्जाची. मित्राने बोर्दोहून येताना स्वेटरांत गुंडाळून दोन आणल्या होत्या (कस्टमची मर्यादा दोन लिटर, तिसरी बसत नाही), त्यातली ही शेवटची. लेबलवर ‘सुपेरिअर’ असं ऐटीत छापलंय. २४७ शातोंची (वाइन करणाऱ्या मळ्यांची) ती क्रू बुर्ज्वाची तीन पायऱ्यांची यादी २००३ मध्येच जाहीर झाली आणि २००७ मध्ये कोर्टाने रद्द केली. पदवी गेली, बाटली माझ्याकडे.

सालाबद्दल थोडं. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सभर उष्णतेची लाट होती, सुमारे १५,००० माणसं दगावली. बोर्दोत पारा चाळिशीला टेकला, तोडणी खूपच लवकर आली आणि आंबटपणा एवढा घसरला की वाइनमध्ये वरून ॲसिड घालायची खास परवानगी द्यावी लागली. बोर्दोच्याच सँ-तेमिलियोंमधल्या शातो पाव्हीच्या वाइनवरून तर दोन समीक्षकांत जुंपलीच: रॉबर्ट पार्करचे गुण १०० पैकी शंभराच्या आसपास, जॅन्सिस रॉबिन्सनचे २० पैकी १२. या सालच्या उजव्या काठाच्या, म्हणजे नदीच्या सँ-तेमिलियोंकडच्या बाजूच्या, दोन वाइन मी चाखल्यात आणि दोन्ही वेळा मला रॉबिन्सनबाईंचं पटलंय.

आता बाटली. दोन दिवस उभी ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. पातळी मानेच्या बुडाशी, म्हणजे वयाच्या मानाने उत्तम. बूच दोन तृतीयांश भिजलेलं. स्क्रू लावला असता तर चुरा झाला असता, म्हणून दोन पात्यांचा ओपनर हलवत हलवत आत सरकवला. तरी खालचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा आत पडलाच. मलमलच्या फडक्यातून गाळली, मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरून. गाळाची काळी रेघ खांद्याशी आली तिथे थांबलो. गाळलेली लगेच ग्लासात. हवा द्यायची नाही, हे आधीच ठरवलं होतं.

७.१०. रंग मध्ये गडद, कडेला विटकरी. पहिला वास देवदाराच्या लाकडाचा, मग तंबाखू, मग सुकं अंजीर. मामा आले होते. तासगावचे, सगळी हयात द्राक्षात गेली. वाइन पीत नाहीत, पण ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, “ह्यो तर बेदाण्याच्या शेडवरचा वास हाय की! जाळीवर आठवडाभर सुकल्याला माल. बागंला पाणी कमी पडलं का?”

मी पुस्तकं वाचून जे शिकलो ते मामांनी एका हुंगण्यात सांगितलं. कडक उन्हात वेल पानांची छिद्रं मिटून घेतो, पिकणं थांबतं. “साखर चढल्याली दिसती, पर ती चढत न्हाई, मण्यातलं पाणी उडतं,” हे मामांचं. बी हिरवीच राहते आणि तिचा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. सँ-तेस्तेफ बचावलं ते खालच्या चिकणमातीमुळे. वर वाळू-गोटे असले तरी ती माती पाणी धरून ठेवते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने जातीच्या द्राक्षाला उन्हाळा ओसरल्यावर थोडी सवडही मिळाली. अंजिरामागे शिसपेन्सिल आणि ताज्या काळ्या मनुकफळाचा (ब्लॅककरंटचा) एक धागा होता. गेल्या वेळी हा धागा मला मिळालाच नव्हता.

७.४०. सर्वात छान घोट हाच. मधोमध मऊ, गोडसर, शेवटाला मात्र तुरटपणा जिभेवर कोरडा बसतो, कच्च्या सुपारीसारखा. तो काही जाणार नाही. बायकोने पांढरा रस्सा केला होता. नारळ-काजूच्या दाटपणात तो तुरटपणा बराच झाकला गेला. तांबड्या रश्श्याचा एक चमचा घेऊन पाहिला, तर पुढच्या घोटात फक्त दारूची जळजळ.

एक चूक यंदाही केलीच. ऑक्टोबर हीट, खोलीत ३० अंश, आणि ग्लास तसाच टेबलावर. वाइन १७ ला काढली होती, पाऊण तासात २४ वर. नाकात नुसता स्पिरिटचा भपका. ग्लास बर्फाच्या पाण्यात उभा केला तेव्हा जरा माणसात आली.

८.३०. काळं मनुकफळ गायब. ९ वाजता मनुका, सोया सॉस आणि तुरटपणा, बस्स. म्हणजे हिचं आयुष्य झाकण उघडल्यापासून तासभर, फार तर सव्वा. नोंद ४ मध्ये ‘जुन्या बोर्दोला दोन तास’ असं मी ठोकून दिलं होतं, ते कृपया खोडा. निदान या सालापुरतं: गाळा, ओता, प्या.

मामांनी बुचाचा तुकडा कागदात बांधून नेलाय, गावात दाखवायला. पुढची नोंद २००५ ची.