तुम्ही विचारलंत म्हणून: यात चुंबक कुठे असतो?

माझं काम 'चुंबकीय प्रकाशा'चं आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग चुंबक कुठे ठेवता? गेल्या महिन्यात व्याख्यानानंतर अकरावीतल्या एका मुलीनंही हेच विचारलं.

चुंबक कुठेच नसतो. युरोपियम नावाचं मूलद्रव्य असतं. जुन्या रंगीत टीव्हीच्या काचेमागचा लाल रंग आठवतो? तो युरोपियमचाच.

अणू उजेड देतो तो बहुधा विद्युत वाटेनं: त्यातला विद्युतभार मागेपुढे झुलतो. दुसरी वाट चुंबकीय. तिथे तारेच्या वेटोळ्यातून वीज फिरावी तसं घडतं, पण ही वाट हजारो पटींनी दुबळी, म्हणून एरवी नजरेत भरत नाही. युरोपियमच्या आयनात मात्र पहिली वाट सममितीच्या नियमानं जवळपास बंद असते. त्यामुळे वर्णपटात ५९० नॅनोमीटर तरंगलांबीजवळची चुंबकीय नारिंगी रेषा आणि ६१०च्या पुढची विद्युत लाल रेषा शेजारीशेजारी दिसतात, एकाच उत्तेजित पातळीतून निघालेल्या! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मी या विषयाची झाले.

कुठल्या वाटेनं किती उजेड जाईल, हे एकटा अणू ठरवत नाही, भोवतालची जागाही ठरवते. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली एका छोट्याशा टिपणात हे मांडलं, आणि तेही अणुकेंद्रांच्या चुंबकीय उत्सर्जनासाठीच. रेडिओ लहरींवर हे उत्सर्जन आपोआप व्हायला ५×१०²¹ सेकंद लागतील, म्हणजे विश्वाच्या वयाच्या दहा हजार पट. पण धातूचे बारीक कण मिसळले तर काही मिनिटं पुरतील, असा त्यांचा हिशोब होता. पुढे पर्सेलचं नाव विद्युत उत्सर्जनालाच जास्त चिकटलं, याची मला रुखरुख वाटते.

दृश्य प्रकाशासाठी आम्ही सिलिकॉनचे कण वापरतो. सुमारे १५० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यात ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वेटोळं घेतो आणि चुंबकीय क्षेत्र एकवटतं. तिथे ठेवलेल्या युरोपियमची नारिंगी रेषा उजळते. धातूत बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते, सिलिकॉनमध्ये फार थोडी.

ती मुलगी मग म्हणाली, "पण अणूला कसं कळतं शेजारी काय आहे?"

मी तिला आरशाचं उदाहरण दिलं. अणूनं सोडलेली लाट धातूच्या आरशावरून परत त्याच्याकडेच येते. परतलेली लाट त्याच्या लयीत असेल तर उजेड वाढतो, विरुद्ध असेल तर दबतो. आरशाला समांतर असलेलं विद्युत क्षेत्र परतताना उलटतं, चुंबकीय उलटत नाही. म्हणून आरशाच्या अगदी लगत लाल रेषा दबते आणि नारिंगी वर येते.