टेक्सासमध्ये रायफल घेताना माझी माहिती कुठे कुठे गेली

कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती. डॅलसला स्थिरावल्यावर, नागरिकत्व मिळाल्यावर, रेंजवर पुन्हा जायला लागले आणि स्वतःची रायफल घ्यायचं ठरलं. आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले का?" आमच्या मामांकडे बारा बोअर होती. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची, त्यामुळे मामांकडे बंदूक आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

इथे घरी कोणी येत नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. नाव, पत्ता, जन्मस्थळ, उंची, वजन, वंश. मग गुन्हा, नशापाणी, घरगुती हिंसाचार यांवरचे हो-नाहीचे प्रश्न. गांजाबद्दल तर खास तंबीच छापली आहे, की तुमच्या राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्याने चालत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, म्हणून मी तो दिला नाही. मधलं नाव मात्र पूर्णच हवं. नुसतं आद्याक्षर चालत नाही; ज्याचं मधलं नाव खरोखर एकच अक्षर आहे त्याने पुढे तसं लिहायचं, आणि मधलं नावच नसेल तर तेही लिहायचं. माझ्या कागदपत्रांवर मधे नवऱ्याचं नाव आहे. उंच्यापुऱ्या काउंटरवाल्याने माझ्याकडे बघितलं, लायसन्सकडे बघितलं, आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

टेक्सासमधला दुकानदार ही माहिती थेट एफबीआयच्या 'निक्स' या, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेला देतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे, तिचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला. तिकडे माझं नाव जातं, पण रायफलीचा मेक किंवा सिरियल नंबर जात नाही. हँडगन की लाँग गन, एवढंच कळवतात. आणि 'प्रोसीड', म्हणजे होकाराचं उत्तर दुकानदाराला मिळालं की माझी ओळख पटेल अशी माहिती २४ तासांत पुसायची, असा नियम आहे. मागे राहतो तो व्यवहाराचा नंबर आणि तारीख. नकार आला तर गोष्ट वेगळी: ती नोंद ठेवतात, आणि २०२२ च्या कायद्यापासून स्थानिक पोलिसांनाही कळवतात.

माझं उत्तर आलं 'डिलेड', म्हणजे निर्णय लांबणीवर. कारण दुकानदारालाही सांगत नाहीत. नावाशी आणि जन्मतारखेशी मिळतीजुळती कोणाची तरी नोंद असावी, असा त्याचा अंदाज. कामाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर कायद्याने तो रायफल देऊ शकतो, पण देण्याची सक्ती नाही. हा गृहस्थ देत नव्हता. उशिरा का होईना, होकार आला. पुढे नवऱ्यासाठी नव्हे, माझ्याच हौसेसाठी दुसरी रायफल घेताना पुन्हा तोच 'डिलेड'. (नवऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेऊन स्वतःच्या नावावर फॉर्म भरला असता, तर तो गुन्हाच; भेट म्हणून दिली तर नाही.)

त्यावर उपाय म्हणजे 'व्हॉलंटरी अपील फाइल'. अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, आणि मी ती दुसरी बाई नव्हे, याचे कागद एफबीआयने जपून ठेवावेत म्हणून आपणच संमती द्यायची. म्हणजे जी माहिती कायदा एका दिवसात पुसायला लावतो, ती ठसे जोडून आपल्याच सहीने त्यांच्या स्वाधीन करायची! ठसे घेणाऱ्या माणसाने एकेक बोट धरून कार्डावर फिरवलं, आणि मी अर्ज पाठवला. रेंजवरचे काही जण मात्र या फाइलचं नाव काढलं तरी कानांवर हात ठेवतात. मला ते पटत नाही. नावाच्या गोंधळात अडकलेल्याला दर वेळी ताटकळण्यापेक्षा हे बरं. शिवाय लेखी मागणी केली तर ती फाइल नष्ट करावी लागते.

मंजुरीनंतर एक ओळख क्रमांक मिळतो. पुढच्या फॉर्मवर त्याचा रकाना आहे, तिथे तो लिहायचा. चौकशी टळत नाही, फक्त गल्लत टळते. पुढच्या खरेदीला मी रायफलीची पिशवी घेऊन त्याच दिवशी घरी आले.

खरी टिकणारी नोंद असते ती फॉर्मची. नाव आणि सिरियल नंबर एकत्र असलेला तो कागद दुकानातच राहतो. पूर्वी तो वीस वर्षं जपायचा नियम होता, ऑगस्ट २०२२ पासून धंदा चालू असेपर्यंत. दुकान बंद झालं की खोकी जातात मार्टिन्सबर्गला, एटीएफ या, बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या केंद्रात. बंदूक गुन्ह्यात सापडली की कंपनी, वितरक, दुकान अशी साखळी धरत माग काढतात. केंद्र सरकारने बंदूकमालकांची नोंदवही करायची नाही, असं १९८६ च्या कायद्यात आहे, म्हणून स्कॅन केलेल्या त्या कागदांतही नाव टाकून शोध घेता येत नाही.

आमचा दुकानदार आता सत्तरीला आलाय आणि दुकान विकायचं म्हणतोय. नवीन मालकाने फॉर्म ठेवून घेतले नाहीत, तर माझेही तिकडेच जातील.