अडतीस-पस्तीस

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिग ईस्ट या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या लीगची, बास्केटबॉल स्पर्धा भरते, तेव्हा मी कोर्टाशेजारी आकडेवारीच्या टेबलावर असते. माझा जोडीदार कोर्टवरून नजर न हलवता बोलत राहतो: कुणाची बास्केट, कुणाचा असिस्ट म्हणजे बास्केट करून देणारा पास, फाउल कुणावर. मी टाइप करते. त्यानं मान खाली घालायची नाही, मी वर करायची नाही. नागपूरला शाळेत असताना निळ्या-लाल पेनानं स्कोअरशीट भरायचे, तेच काम.

१२ मार्च २०२०, उपांत्यपूर्व फेरीचा पहिला सामना, दुपारी बारा. आदल्या रात्री एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या रूडी गोबेअर या खेळाडूला कोरोना झाल्याचं कळलं आणि एनबीएनं खेळ थांबवला होता. गार्डनमध्ये मोजक्या नातेवाइकांनाच प्रवेश होता. जवळपास वीस हजार खुर्च्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या. सकाळी टेबलावर २००९ची आठवण निघाली. तेव्हाही तारीख हीच. सिरॅक्यूज आणि कनेक्टिकट बरोबरी सुटेना म्हणून सहा ओव्हरटाइम खेळले, सामना रात्री १ वाजून २२ मिनिटांनी संपला. १२७-११७.

आमच्या सामन्यात क्रेटन कॉलेजचा संघ अव्वल मानांकित. समोर सेंट जॉन्स, नववे. लीगमधल्या अठरा सामन्यांपैकी त्यांनी पाचच जिंकले होते. पण ही स्पर्धा जिंकणाऱ्याला एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. त्यांना तेवढी एकच वाट उरली होती आणि आदल्या दिवशी जॉर्जटाउनला ७५-६२ हरवून ती पोरं त्या वाटेवर होती.

एरवी गार्डनमध्ये मला जोडीदाराच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. त्या दिवशी सगळं ऐकू आलं. बुटांची करकर, बाकावरून 'डावीकडे, डावीकडे' अशी हाक, चेंडू जाळीतून सुटतानाचा सपकन आवाज. खाली पडलेल्याला उठवताना दुसरा काय म्हणाला, तेसुद्धा. रिकाम्या हॉलमध्ये मुलं जीव तोडून खेळत होती. मान वर न करताही त्या दिवसाइतका सामना मी कधी पाहिला नव्हता.

मध्यंतर झालं. सेंट जॉन्स ३८, क्रेटन ३५. छापलेले कागद आले, अजून कोमट होते. माझ्या स्क्रीनवर दुसरा हाफ, २०:००. आम्ही बोटं मोडत बसलो. बाकीच्या मोठ्या कॉन्फरन्सेसनी स्पर्धा रद्द केल्याच्या बातम्या एव्हाना सगळ्यांच्या फोनवर होत्या. मग आमच्याकडेही निरोप आला: स्पर्धा इथेच संपली.

जोडीदारानं हेडसेट काढून टेबलावर ठेवला. आम्ही दोघंही बराच वेळ उठलो नाही. मध्यंतराला आत गेलेली मुलं त्या सामन्यासाठी परत बाहेर आलीच नाहीत. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना बझर वाजला तेव्हा ठाऊकही नव्हतं, की कॉलेजसाठीचं आपलं खेळणं त्या बझरबरोबर संपलं. संध्याकाळच्या आत राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. आमचा सामना दोन्ही संघांच्या जय-पराजयात धरलाच गेला नाही. पण त्या वीस मिनिटांतली एकेक बास्केट मी नोंदवली होती. कुणी टाकली, कुणाच्या पासवर, किती सेकंद उरले असताना.

कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खाली पेन स्टेशनवर आले. गाडीत बसते तोच बाबांचा फोन. नागपुरात मध्यरात्र होत आली होती, ते जागेच होते.

"काय गं, कोण जिंकलं?"

"सेंट जॉन्स तीननं पुढे होते, बाबा."