दादाला दवाखान्यात न्यायला पोलिसांची मदत घेतली, तेव्हाचा माझा अनुभव

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू असल्या की तो बाजारहाट करतो, आईला बँकेत घेऊन जातो, क्रिकेटवर तावातावाने बोलतो. गेल्या पावसाळ्यात त्याने गोळ्या बंद केल्या. चाळीतले लोक पाण्यात काहीतरी कालवतात असं त्याच्या डोक्यात बसलं. आधी त्याचं घरातलं पाणी पिणं सुटलं, मग जेवण. रात्री-अपरात्री तो गॅलरीच्या कठड्यावर चढून बसायला लागला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेले तर डॉक्टर म्हणाले, पेशंटला घेऊन या. १०८ वर सांगितलं, गाडी पाठवतो, पण पेशंट यायला तयार नसेल तर सोबत पोलीस लागतील. म्हणून ११२ फिरवला. दोन पोलीस मोटारसायकलवरून आले. दारातूनच विचारलं, "कुणाला मारलंय का याने? नाही ना? मग घरातला मामला आहे. हवं तर एनसी नोंदवा." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार. खाकी कपडे दिसताच दादा स्वयंपाकघरात शिरला आणि आतून कडी घातली. ते निघून गेल्यावरही बराच वेळ ती कडी निघाली नाही.

डॉक्टर म्हणतात पेशंट आणा, रुग्णवाहिका म्हणते पोलीस आणा, पोलीस म्हणतात गुन्हा कुठे आहे? घरात असं आजारपण असलेल्यांना हा फेरा नवा नसेल.

त्या रात्री मी १४४१६ वर बोलले. ही टेली मानस, सरकारची मोफत हेल्पलाइन. पलीकडच्या बाईंनी आधी घरातलं विचारलं. पाणी चांगलंच आहे हे त्याला पटवायला जाऊ नका, वाद वाढवू नका, कठड्याजवळ कुणीतरी सतत थांबा, असं सांगितलं. मग मी मोबाइलवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उघडून बसले आणि कलम १०० वाचलं.

त्यात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची दोन कर्तव्यं दिली आहेत. एक बहुतेकांना माहीत असतं: मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस रस्त्यावर भटकताना सापडला तर त्याला संरक्षण द्यायचं. दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आजारामुळे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं ज्याच्याबाबत वाटतं, असा ठाण्याच्या हद्दीतला कोणताही माणूस. तो रस्त्यावरच असला पाहिजे, त्याने गुन्हा केलेला असला पाहिजे, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. संरक्षणात घेतल्यावर होईल तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी पोचवायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. का नेत आहोत, हे त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचं. माणूस आजारी आहे की नाही हे पोलिसांनी ठरवायचंच नाहीये, ते डॉक्टर ठरवणार. एवढं कळल्यावर माझा जीव जरा हलका झाला, कारण आता नेमकं काय मागायचं ते मला माहीत होतं.

सकाळी ठाण्यात अर्ज घेऊन गेले. "भाऊ त्रास देतो" असं एकही वाक्य त्यात ठेवलं नाही. किती दिवसांपासून पाणी-जेवण बंद आहे, कठड्यावर कधी चढला, आजाराचं नाव, कोणत्या गोळ्या होत्या, आणि खाली स्पष्ट मागणी: कलम १०० प्रमाणे रुग्णालयात पोचवावं. सोबत जुने केसपेपर आणि त्याचं आधार कार्ड. अंमलदारांनी पुन्हा एनसीचीच गोष्ट काढली. मी म्हटलं, मला तक्रार करायचीच नाहीये. शेवटी आतल्या उपनिरीक्षक मॅडमनी अर्ज वाचला, स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि विचारलं, "तो कशाला घाबरतो?" इतक्या दिवसांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. वर्दीला आणि पाण्याला, मी म्हटलं.

दुपारी साध्या कपड्यांत एक वयस्कर हवालदार आणि एक तरुण शिपाई आले. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी उभी होती. हवालदारांनी चपला दाराबाहेर काढल्या, उंबऱ्याशी बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग शिपायाला खाली पाठवून दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली मागवली. दादापुढे ठेवली. म्हणाले, "भाऊ, सील तुम्हीच तोडा." त्याने बाटली उलटसुलट करून पाहिली, झाकण फिरवलं आणि घटाघटा प्यायला. आई पदर तोंडाला लावून रडत होती.

"मी काय केलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही केलं. जेवण बंद आहे, कठड्यावर बसता, बहिणीला काळजी आहे. डॉक्टरांना दाखवून घेऊ. मी सोबत येतो."

हात धरला नाही, बेड्यांचा तर प्रश्नच नव्हता. गॅलरीत जमलेल्यांना शिपायाने आत जायला सांगितलं, हेही मोठं काम होतं. वर्दीतले पोलीस आरडाओरडा करत आले असते तर दादा कठड्याकडेच धावला असता, असं मला आजही वाटतं. पोलीस शिपायांच्या प्रशिक्षणात ही बाटलीची गोष्ट सांगावी, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

रुग्णालयात पोलिसांच्या पत्रामुळे कॅज्युअल्टीत थांबावं लागलं नाही. दोन डॉक्टरांनी त्याला वेगवेगळं तपासलं, त्यांतले एक मानसोपचारतज्ज्ञ. कलम ८९ खाली दाखल केलं. त्यात एका वेळी ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात पेशंटच्या वतीने बोलणारा माणूस, म्हणून नातेवाइकाची सही हवी होती, ती मी केली. आईला वेगळीच धास्ती होती, कठड्याच्या प्रकारावरून आत्महत्येच्या प्रयत्नाची केस होईल म्हणून. तिला कलम ११५ समजावलं: असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

दादा घरी आला, गोळ्या चालू आहेत. बरं वाटायला लागल्यावर त्यानेच साध्या कागदावर माझं नाव प्रतिनिधी म्हणून लिहून सही केली. तेवढं कायद्याला चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. आजारपणात आपल्या वतीने कोण बोलणार हे त्याने स्वतः निवडावं, यासाठी मी थांबले होते.

ते हवालदार आणि मॅडम दोघांचीही आता बदली झाली आहे. म्हणून केसपेपर, दादाचा कागद आणि कलम १०० ची छापील प्रत जोडून मी नव्या प्रभारी अधिकाऱ्यांना अर्ज दिला. येताना साध्या कपड्यांत यावं, दादाला सीलबंद पाणी द्यावं, हेही लिहिलं. पोच घेऊन ती फाइलला लावली आहे.